मॉरिशस : ऐकलेला, पण न ओळखलेला देश

आफ्रिकेवर कोणी बोलणार आहे असे म्हटले, की आपल्याकडच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक सिंह-हत्तींचे आणि दुसरे दुष्काळाचे. मॉरिशसचे नाव काढले तर तिसरेच चित्र उभे राहते. निळे पाणी, पांढरी वाळू आणि नुकतेच लग्न झालेले जोडपे. हा मॉरिशस आफ्रिकेतला देश आहे, १९६८ साली स्वतंत्र होताच तो आफ्रिकी ऐक्य संघटनेचा सभासद झाला, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. त्या देशात मराठी माणसे पाच-सहा पिढ्यांपासून नांदत आहेत, हे ऐकून तर आणखीच नवल वाटते. नाव सर्वांच्या तोंडी, पण ओळख कोणालाच नाही, असा हा देश आहे.

आमचे सारे आयुष्य जिनिंग-प्रेसिंग, गिरण्या आणि साखर कारखाने यांतील मजुरांच्या कामात गेले. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीतल्या कंदिलाखाली व नंतर दिव्याखाली झाले. तेव्हा कोणत्याही गावी गेलो, की येथे घाम कोणी गाळला, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो. मॉरिशसला आम्ही गाठीच्या पैशाने गेलो तेही हाच प्रश्न घेऊन. त्याचे जे उत्तर मिळाले ते या लेखात मांडावयाचे आहे. मॉरिशस ओळखावयाचा असेल तर समुद्राकडे पाठ करून उसाच्या फडाकडे पाहिले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

देश केवढा व कसा

प्रथम मोजमाप पाहू. मॉरिशसचे मुख्य बेट आणि रॉड्रिग्ससारखी लहान बेटे मिळून त्या राष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भरते. आपल्या जळगाव जिल्ह्याचे ११,७६५ आहे आणि धुळे जिल्ह्याचे ७,१९५. म्हणजे जळगाव जिल्ह्यात हा देश पाच वेळा बसून वर जागा उरेल. मुख्य बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे, जळगावहून धुळ्याला जाण्याच्या अंतरापेक्षाही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. जळगावहून मुंबईला गाडीने जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालते.

हे बेट ज्वालामुखीतून निघाले आहे. दगड काळा, आपल्या सातपुड्या-अजिंठ्याच्या रांगांतल्या दगडाच्या जातीचा. उसाच्या फडांतून जाताना मध्येच या काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. काही तर दुमजली घराएवढे. पाहुण्याला वाटते की ही कोणती तरी पुरातन बांधकामे असावीत. वस्तुतः जमीन लागवडीला आणण्यासाठी मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे दगड आहेत. विदर्भाच्या सीमेपासून तापीकाठापर्यंत ज्याने शेतातले दगड वेचून बांधावर टाकले असतील, त्याला त्या ढिगांचे वजन सांगावे लागत नाही.

मुळात या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ साली डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्याला दिले. ऊस त्यांनीच आणला. डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नष्ट झाला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि १८१० मध्ये इंग्रजांनी तो जिंकून घेतला. राज्य इंग्रजांचे आले, तरी मळे, कायदे आणि भाषा बव्हंशी फ्रेंचच राहिली. म्हणून आजही तेथे कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि घरात क्रिओल चालते.

गुलामी गेली, गिरमिट आले

फ्रेंच अमदानीत मळ्यांवर राबण्यासाठी मोझांबिक, मादागास्कर आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही गुलाम आणले गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी सुमारे ६६,००० गुलाम होते. त्यांच्या मालकांना ब्रिटिश सरकारने सुमारे वीस लाख पौंड नुकसानभरपाई दिली. ज्यांची आयुष्ये गेली त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा एक उभा कडा आहे. पळालेले गुलाम तेथे आसरा घेत. सुटकेची बातमी घेऊन येणारे शिपाई पाहून, आपल्याला पकडायलाच आले असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथील लोक सांगतात. २००८ साली युनेस्कोने हा कडा जागतिक वारशात घेतला.

मालकांना आता स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. 'अ‍ॅग्रीमेंट'चे आपल्या माणसांच्या तोंडी 'गिरमिट' झाले ते याच व्यवहारात. पुढच्या सुमारे ८० वर्षांत जवळजवळ साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर उतरले. १८६१ च्या खानेसुमारीत बेटावरील दर दहा माणसांत सहा भारतीय होते. इंग्रजांच्या दृष्टीने हा एक 'प्रयोग' होता. गुलामाऐवजी करारबद्ध मजूर वापरून साखर पिकते की नाही, हे येथे पाहून घेतले आणि मग तीच रीत त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी येथे चालवली.

मजूर जेथे उतरत त्या जागेला पूर्वी कुली घाट म्हणत, आज तिचे नाव आप्रवासी घाट आहे. २००६ साली तीही जागतिक वारशात गेली. जागा लहानशीच आहे. मोजक्या दगडी पायऱ्या, मुतारीच्या खोल्या, दवाखान्याचा भाग आणि थोड्या भिंती. मजुरांना येथे दोनएक दिवस ठेवीत. त्यांना क्रमांक मिळे, मळा ठरे आणि मग रवानगी होई. पुढे प्रत्येकाचे छायाचित्रही काढू लागले. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. आपला पणजा कोणत्या जहाजाने व कोणत्या गावाहून आला, हे शोधायला आजही लोक तेथे जातात.

मुकादम, उचल आणि खाडा

आता जे सांगावयाचे आहे ते खानदेशातल्या श्रोत्यांना कोणत्याही पुस्तकावाचून समजेल. दिवाळी झाली की चाळीसगाव, पारोळे, साक्री या बाजूंनी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला. आजारपणाने वा अडचणीने दिवस बुडाला की 'खाडा' आणि खाड्याचा दंड. मूल पाठीशी, झोपायला कोपी.

मॉरिशसच्या मळ्यावर मुकादमाला 'सरदार' म्हणत. काही वर्षे काम केलेल्या सरदाराला मालक परत देशी धाडी, आणि तो आपल्या गावातून, नात्यागोत्यातून टोळी जमवून आणी. अनोळखी दलालापेक्षा ओळखीचा माणूस बरा, म्हणून लोक त्याच्यावर विश्वास टाकीत. खाड्याची रीत तर तेथे कायद्यातच बसवलेली होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा नियम होता. त्याला 'दुहेरी कपात' म्हणत. महिन्यात चार-पाच दिवस ताप आला की आठ-दहा दिवसांचा पगार कापला जाई. १८५० नंतर परतीचा फुकट प्रवासही रद्द झाला. करार संपलेल्या 'जुन्या' मजुराला १८६७ च्या कायद्याने छायाचित्रासह परवाना बाळगणे भाग पडले. तो जवळ नसला की भटक्या म्हणून अटक.

गुलामी आणि गिरमिट एकच का, असे आम्हांला काही तरुण मित्र विचारतात. एकच नव्हे. गिरमिटियाला विकता येत नव्हते, कराराला शेवट होता आणि तक्रार करण्याचा हक्क निदान कागदावर होता. पण भुकेने केलेली सही ही मोकळ्या मनाची सही नसते. या पद्धतीतल्या दोषांची चौकशी व्हायला १८७२ साल उजाडावे लागले. तेही आपोआप झाले नाही.

अर्ज, संघटना आणि गोळीबार

अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाचा, पॅरिसमध्ये जन्मलेला, जर्मन वंशाचा एक गोरा मळ्याची व्यवस्था पाहत होता. मजुरांचे हाल त्याला पाहवेनात. राजरत्नम मुदलियार यांच्या साहाय्याने त्याने १८७१ साली गव्हर्नरकडे एक अर्ज केला. त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाले इतके चिडले, की पोर्ट लुईच्या रस्त्यात प्लेव्हित्झला मारहाण झाली. पण १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला आणि अर्जातील तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरल्या. १८७८ चा सुधारलेला मजूर कायदा हे त्याचे फळ. सह्या गोळा करण्याचे काम आम्ही जन्मभर केले आहे. मळ्याबाहेर पाऊल टाकायला परवाना लागत असताना नऊ हजारांवर निशाण्या जमवणे म्हणजे काय, याची आम्हांला चांगली कल्पना आहे.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी मॉरिशसला उतरले. त्यांनी तेथील लोकांना मुलांना शिकवण्याचा व राजकारणात भाग घेण्याचा उपदेश केला. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले आणि मजुरांचे खटले चालवू लागले. इकडे नामदार गोखले यांनी १९१२ साली कायदेमंडळात गिरमिटाची पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. ठराव पडला, पण त्यांच्या भाषणाने देशाचे डोळे उघडले. महाराष्ट्राला या कामी आपला वाटा सांगता येतो, तो असा.

पुढे १९३६ साली डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. एमान्युएल आंक्वेतिल हा क्रिओल सुतार त्याचा मोठा संघटक. आफ्रिकी वंशाचा गोदी-कामगार आणि भारतीय वंशाचा ऊसतोड्या यांना एका सभेत बसवण्याचे अवघड काम या माणसांनी केले. १९३७ साली फ्लाक भागात ऊस उत्पादकांवर व मजुरांवर गोळीबार झाला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल मळ्यावर संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार माणसे मेली. त्यांत अंजले कूपन ही गरोदर बाई होती आणि एक लहान मुलगा होता. आज त्या भागातल्या क्रीडांगणाला अंजलेचे नाव आहे. मजूर बाईच्या नावाची क्रीडांगणे आपल्याकडे किती आहेत, हे श्रोत्यांनीच मोजून पाहावे.

बैठकीतून मतपेटीकडे

आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट मात्र गोळीबाराची नव्हे, पाटी-पेन्सिलीची आहे. मळ्यावरच्या वस्तीत एक झोपडी असे, तिला 'बैठका' म्हणत. आपल्या 'बैठक' शब्दाचेच हे रूप. दिवसभर ऊस तोडून आलेले लोक संध्याकाळी तेथे जमत, पोथी वाचीत, तंटे मिटवीत, पोरांना अक्षरे शिकवीत. सरकारी शाळा त्यांच्यासाठी जवळजवळ नव्हतीच.

१९४७ च्या नव्या घटनेने असे ठरवले, की बेटावर चालणाऱ्या कोणत्याही एका भाषेत ज्याला साधे लिहिता-वाचता येईल त्याला मत द्यावे. मग त्यांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूही आली. बासदेव बिसुनदयाल यांचे स्वयंसेवक गावोगाव फिरून मोठ्या माणसांना आपले नाव लिहायला शिकवू लागले. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवर होती, ती १९४८ च्या निवडणुकीत ७१ हजारांवर गेली. ज्या आजोबांनी करारावर अंगठा उठवला, त्यांच्या नातवांनी देवनागरीत सही केली आणि सरकार बदलायला सुरुवात केली. १२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. १९९२ साली त्याच तारखेला तो प्रजासत्ताक झाला.

तेथले मराठी

मुंबई बंदरातून गेलेले मजूर कलकत्ता व मद्रासच्या मानाने थोडे होते. त्यांत रत्नागिरी व सातारा बाजूचे पुष्कळ. आज मराठी समाज लोकसंख्येच्या शेकडा दोनच्या आसपास आहे. पश्चिमेकडचे कास्कावेल हे गाव मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातले जाखडी नृत्य तेथे 'झाकरी' नावाने टिकले आहे, गोंधळही टिकला आहे. आडनावांची गंमत अशी, की कारकुनाने पणजोबांचे पाळण्यातले नाव लिहिले, तेच घराण्याचे आडनाव झाले. त्यामुळे सखाराम, रामजी अशी आडनावे तेथे भेटतात.

आपली माणसे तेथे जातात आणि मग नाराज होऊन येतात, की "हे कसले मराठी, यांना धड मराठी बोलता येत नाही!" हा अन्याय आहे. घरात ते क्रिओल बोलतात. ती फ्रेंच शब्दांतून गुलामांनी घडवलेली भाषा. मराठी ते शाळेत, पूर्वजांची भाषा म्हणून शिकतात. आपल्या खानदेशात तरी दुसरे काय आहे? घरात अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी, यांतच आपण वाढलो. अहिराणी बोलणाऱ्याला अडाणी ठरवले की कसे वाटते, हे आपण जाणतो. क्रिओललाही असेच हिणवत आले होते. ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून शिरली २०१२ साली.

मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणण्याचीही आपल्याला हौस आहे. गंगा तलावावर महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी आणि नोटेवरची देवनागरी अक्षरे पाहून तसे वाटते खरे. पण या एका शब्दाने गुलामांच्या वंशजांना आपण घराबाहेर काढतो, हे ध्यानात येत नाही. त्या देशात १ फेब्रुवारीला गुलामी संपल्याची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला मजूर आल्याची. दोन्ही तारखा मिळून तो देश होतो. ते लोक भारतीय वंशाचे असतील, पण ते मॉरिशसचे आहेत.

चुकलेली भविष्ये

या देशाविषयी केवळ आपलाच गैरसमज झाला असे नाही. पुढे नोबेल पारितोषिक मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या सुमारास अहवाल लिहिला. एकच पीक, वाढती लोकसंख्या, काम नाही. तेव्हा भवितव्य अंधारे आहे, असा त्याचा सूर होता. नायपॉल यांनी १९७२ साली या बेटावरील आपल्या लेखाच्या मथळ्यातच त्याला गुलामांची खच्चून भरलेली कोठडी म्हटले. भविष्य खोटे ठरले. १९५८ पासून तेथे सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, सरकारी रुग्णालयात उपचार मोफत. १९७० नंतर निर्यातीसाठी कापडाचे व कपड्यांचे कारखाने निघाले आणि हजारो बायका प्रथमच पगारावर लागल्या. जेथे साखरेचे शेकडो कारखाने होते, तेथे आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. फडांत जुनी धुराडी मात्र उभी आहेत. गिरण्यांची धुराडी थंड झालेली ज्यांनी जळगाव-धुळ्यात पाहिली, त्यांना ती ओळखीची वाटतील. फरक इतकाच, की तेथे एक धंदा बुडताना दुसरा उभा करण्याची काळजी आधी घेतली गेली.

तरी सारे गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोठे मळे अजून पुष्कळसे जुन्या फ्रेंच घराण्यांकडेच आहेत. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की आज त्या कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर येथून करारावर आणलेले मजूर काम करतात. दलालाला देण्यासाठी कर्ज काढून येणारे त्यांत आहेत. गिरमिटियांच्या नातवंडांच्या देशात नवे गिरमिट आले आहे. तेथील कामगार संघटना त्याविरुद्ध आवाज उठवतात, ही समाधानाची बाब.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी जरूर जावे. भारतीय पासपोर्टाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. जून ते डिसेंबर हा ऊसतोडीचा हंगाम, जानेवारी ते मार्च वादळांचा. समुद्र पाहावा, त्यात वावगे काही नाही. पण एक सकाळ आप्रवासी घाटाला द्यावी, एक ल मॉर्नच्या पायथ्याला आणि एक फडातल्या त्या काळ्या ढिगांना. बसमधल्या शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत. त्याला तुमच्या देशाविषयी पुष्कळ माहीत असते, आपल्याला त्याच्या देशाविषयी थोडेच.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांचेही अडत नाही. दिवाळीनंतर ट्रॅक्टरमागे संसार बांधून निघालेला कोयता आपल्याच रस्त्यावरून जातो. त्याने किती उचल घेतली, करार कागदावर आहे की नाही, आजारपणाचा खाडा किती धरतात आणि पोरांची शाळा कोठे, एवढे चार प्रश्न त्याला विचारावेत. प्लेव्हित्झच्या अर्जात याहून वेगळे प्रश्न नव्हते. त्या अर्जाला उत्तर मिळाले, कारण ९,४०१ माणसे एका कागदावर आली होती.